पंडिता रमाबाईंची मनोरमा: मोठ्या बाईच्या पोटी आलेल्या मुलीबद्दल कुणी सांगेल का?

माळमारुतीची लेक (बेळगाव)

सगळ्यांना नमस्कार आणि सलाम.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला मंडळात मला पंडिता रमाबाईंवर वीस मिनिटं बोलायचंय. रमाबाईंवर बोलणं आमच्याकडे नवीन नाही. दरवर्षी कुणी ना कुणी बोलतंच: संस्कृत, कलकत्त्याच्या पंडितांची सभा, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली. मीसुद्धा लहानपणापासून हेच ऐकत आले. मनोरमेचं नाव त्यात एकदाच येतं, 'त्यांना एक मुलगी होती'. त्यापुढे काही नाही.

मला त्या मुलीबद्दल बोलायचंय. का, ते सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

माझी आई उपदेश करते. पाळकीणबाई नाही, कुठल्या पदावर नाही, पण निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लज या पट्ट्यात गेली चाळीस वर्षं संजीवन सभांना (श्रद्धा जागवणाऱ्या प्रार्थनासभांना) तिला बोलावतात. मराठीत सुरू करते, समोर कन्नड बायका दिसल्या की मध्येच कन्नडवर जाते आणि परत मराठीत येते, तिला स्वतःला कळतही नाही. निपाणीत पप्पा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. शनिवारी संध्याकाळी आई पिशवी भरायची: बायबल, चष्मा, एक जादा साडी, माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा. मी नेहमी सोबत. मागे ठेवणार कुणाकडे?

मी नऊ वर्षांची असताना संकेश्वरच्या एका सभेत मला स्टुलावर उभं केलं. माईक माझ्या उंचीला येत नव्हता म्हणून स्टूल. दोन वेण्या, तेल एवढं की मानेवर ओघळ आलेला. मला साक्ष द्यायची होती, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, ती आईनंच वहीत लिहून दिली होती. मी दोन वाक्यं बोलले आणि तिसरं विसरले. मांडवात शे-दोनशे माणसं असतील. आईचा हात माझ्या पाठीवर होता, आणि तो हात किंचित पुढे ढकलत होता, 'बोल, बोल' असा. मला वाक्य आठवेना. मग मी मनानंच काहीतरी बोलले, सगळे 'आमेन' म्हणाले, बायका येऊन गाल कुरवाळून गेल्या. त्यांना वाटलं मुलगी भारावली. मी घाबरले होते.

त्या दिवसापासून मी 'बाईंची मुलगी' झाले. एसएसएलसीला (दहावीला) गणितात एकतीस मिळाले आणि नापास झाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी पप्पांना विचारलं, 'आई एवढी प्रार्थना करते, मग हे कसं?' पप्पा काही बोलले नाहीत. मी मात्र ते वाक्य अजून विसरले नाही. पुरवणी परीक्षेत सुटले, ते विचारायला कुणी आलं नाही.

हे आईविरुद्ध लिहीत नाही. तिच्या शब्दानं दारू सोडलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. रात्री अकराला दार वाजवून आलेल्या बायकांना तिनं आमच्या एका खोलीच्या घरात झोपायला जागा दिली, तेव्हा मी आणि पप्पा स्वयंपाकघरात झोपलो. ते काम खरं आहे. मला ती हवीच होती तशी. फक्त त्या कामाचा एक वाटा माझ्या डोक्यावर आला, तो मला कुणी विचारून दिला नव्हता.

आता माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आई म्हणते, हुक्केरीच्या सभेत तिला गाणं म्हणू दे, गळा चांगला आहे. गळा खरंच चांगला आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि आईला कारणही सांगितलेलं नाही.

म्हणून विचारते. रमाबाईंचं घर आतून कसं होतं? त्यांचे आईवडील, नवरा, मुलगी? मनोरमेनं आईचं काम स्वतःहून घेतलं की तिच्यावर आलं? कुणी वाचलं असेल, ऐकलं असेल तर लिहा. नुसती स्तुती नको, स्तुतीची भाषणं माझ्याकडे भरपूर आहेत.

---

निपाणीकर मास्तर

ताई, मी निवृत्त शिक्षक. ख्रिस्ती नाही, पण रमाबाई पंचवीस वर्षं वर्गात शिकवल्या. तुम्ही निपाणीच्या म्हणून आधी मी लिहितो.

मनोरमेकडे जायचं तर रमाबाईंच्या आईपासून निघावं लागेल. वडील अनंतशास्त्री डोंगरे, जातीनं चित्पावन, मूळ कारकळच्या बाजूचे. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातली बाई संस्कृत वाचते हे त्यांनी पाहिलं आणि मनात घेतलं की माझ्या बायकोलाही शिकवीन. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी होऊ दिलं नाही. दुसरी बायको लक्ष्मीबाई, लग्नात नऊ वर्षांची, शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले. तिला त्यांनी शिकवलं, आणि त्यापायी लोकांचा रोष घेतला. शेवटी पश्चिम घाटात गंगामूळला, तुंगा-भद्रेच्या उगमाशी, रानात घर केलं. तिथं २३ एप्रिल १८५८ ला रमाबाई जन्मल्या. आजच्या हिशेबानं ती जागा कर्नाटकातच. आपल्याकडे माणूस कुठल्या राज्याचं यावर भांडायची सवय आहे, पण या बाईचं अर्धं आयुष्य भाषांच्या सीमेवरच गेलं.

मूल सहा महिन्यांचं असताना घरातला पैसा संपला आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. लहान रमेला वेताच्या पेटीत घालून एका माणसानं डोक्यावरून डोंगराखाली उतरवलं. हे रमाबाईंनी स्वतः सांगितलंय. तिथून पुढे सोळा वर्षं पायी. कुठं देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या शिध्यावर राहायचं. आई पहाटे, पाखरं जागी व्हायच्या आधी, मुलीला उठवून मांडीवर घेऊन संस्कृत म्हणून घ्यायची. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना पाठ होते म्हणतात, ते या पहाटेतून आलेले.

म्हणजे बघा, लोकांसमोर पुराण सांगणाऱ्या घरातली मुलगी होण्याचा अनुभव रमाबाईंना स्वतःला होता. मनोरमेच्या आधी त्याच त्या मुलगी होत्या.

मग १८७४ च्या सुमाराचा दुष्काळ. वडील तिरुपतीजवळच्या रानात वारले. जाताना धाकट्या लेकीला जवळ घेऊन म्हणाले की तुला मी देवाच्या हाती दिलंय, त्याचीच राहा. काही आठवड्यांतच हे लोक रायचूरला पोचले आणि तिथं आई गेली. हा प्रसंग वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी बसायचा. आई भुकेनं भ्रमात पडली होती आणि निरनिराळे पदार्थ मागत होती. सोळा वर्षांची मुलगी शेजारच्या ब्राह्मण बाईकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. शरमेनं तोंडातून शब्द फुटत नव्हता. भाकरी मिळाली, आईच्या तोंडाला लावली, पण तिला ती खाववली नाही. तीन मैलांवर स्मशान. खांदा द्यायला दोनच ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. ती ठेंगणी, खांद्याला बांबू लागेना, म्हणून तिरडी डोक्यावर घेतली.

भाऊ १८८० मध्ये ढाक्याला वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न. ते बंगाली वकील, ब्राह्मण नाहीत, त्यामुळे १८७२ च्या कायद्यानं नोंदणी केली. दोघं आसामात सिलचरला राहिली. १६ एप्रिल १८८१ ला मुलगी झाली, नाव ठेवलं मनोरमा. ४ फेब्रुवारी १८८२ ला नवरा पटकीनं गेला.

आठ वर्षांत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. तेवीस वर्षांच्या बाईजवळ रक्ताचं म्हणावं असं दहा महिन्यांचं एक पोर राहिलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नाही, पण ही बाई त्या पोराला एका क्षणी घट्ट धरते आणि दुसऱ्या क्षणी दूर का ठेवते, ते समजून घ्यायला मला हा आकडा लागतो.

---

खानापूर रोड

अक्का, राग मानू नको, माझं मत वेगळं हाय.

रमाबाईंचं काम मोठं, ते कोण नाकारत नाही. पण पाच वर्षांची मुलगी परदेशात दुसऱ्या बायकांच्या हाती ठेवली आणि आपण अमेरिकेत भाषणं दिली. पुढं केडगावला १९०० च्या दुष्काळात दीड हजार जीव सांभाळले. दीड हजारांची आई झालेली बाई एकीची किती असणार? मनोरमेनं लग्न केलं नाही, वेगळं घर मांडलं नाही, आईच्याच कामात गेली आणि आईच्या आधी गेली. चाळीस वर्षांची होती. एकाच्या ध्येयापायी दुसऱ्याचं आयुष्य खर्ची पडतं हे असं.

मी हे पुस्तकातनं बोलत नाही. आमचे वडील सीमाप्रश्नाचे कार्यकर्ते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात होते, तेव्हा माझी धाकटी बहीण तापानं फणफणलेली. आई एकटी तिला घेऊन दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसलेली. लोक अजून म्हणतात, 'तुझे वडील म्हणजे वाघ'. असतील. मला त्या रात्री वाघ नको होता, बाप पायजे होता. पोरीला हुक्केरीला गाऊ देऊ नको, एवढंच सांगतो.

---

माळमारुतीची लेक

राग कसला दादा. तुम्ही लिहिलेलं वाचून मी मोबाईल ठेवला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. बाकावरची ती रात्र मला ओळखीची वाटली. आमच्याकडे बाक नव्हता, बस स्टँड होता. गडहिंग्लजहून शेवटची गाडी चुकलेली, आईच्या मांडीवर मी, आणि आई कुणा दुसऱ्याच्या मुलासाठी प्रार्थना करतेय.

पण एक गोष्ट तुमच्यापेक्षा मला वेगळी वाटते. आई मला घेऊन गेली. मागे ठेवलं नाही. न्यायचं तर लोकांच्या नजरेत न्यायचं, ठेवायचं तर परक्याकडे ठेवायचं, असे दोनच रस्ते एकट्या बाईपुढे असतात तेव्हा तिनं कुठला घ्यावा? तुमच्या वडिलांना घरी तुमची आई तरी होती. रमाबाईंच्या घरी कोण होतं?

मास्तर, रायचूरचं मला माहीत नव्हतं. रायचूरवरून कितीतरी वेळा रेल्वेनं गेलेय मी.

---

धारवाडची वाचक

मी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी स्त्रियांवर काम करतेय, म्हणून मधल्या काळाबद्दल लिहिते. खानापूरच्या दादांनी म्हटलेलं अर्धं बरोबर आहे, उरलेलं अर्धं पत्रांत आहे.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, त्या 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या पैशांतून. मुलगी दोन वर्षांची. वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येऊ लागलं आणि ते स्वप्न सोडावं लागलं. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकणं आणि संस्कृत शिकवणं. त्या काळात मनोरमा बरीचशी वाँटेजच्या भगिनींकडे असायची.

इथं सिस्टर जेराल्डीन येतात. रमाबाई त्यांना आपल्या धर्मातल्या आईसारखं मानायच्या, आणि सगळ्यात कडाक्याचं भांडणही त्यांच्याशीच. विषय पुष्कळदा मनोरमाच: मुलीनं काय खावं, तिला काय शिकवावं, तिच्यावर अधिकार कुणाचा. रमाबाई शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, त्यावरूनही बोलणी खाल्ली. रमाबाईंनी स्वच्छ लिहिलं की माझी मुलगी आमच्यातलीच एक व्हावी, आपल्या देशातल्या माणसांवर तिनं त्यांच्यातली होऊन प्रेम करावं, कुणी परकी किंवा वरची म्हणून नव्हे. उपकाराखाली राहणारी, दुसऱ्याचं मीठ खाणारी विधवा हे लिहिते आहे, हे लक्षात घ्या. ती पत्रं वाचताना मला तरी मुलीला टाकून गेलेली आई दिसली नाही. मुलगी हातची जाईल या भीतीनं प्रत्येक ओळीत झगडणारी बाई दिसली.

१८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई गेल्या तेव्हा मनोरमा सोबत होती. पुढे भाषणांचा दौरा लांबला आणि मुलीला परत वाँटेजला पाठवलं. अमेरिकेतून तिला लिहिलेली पत्रं आहेत, 'मानो' म्हणून हाक मारलेली. पाच-सहा वर्षांच्या मुलीला समजेल अशा भाषेत.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी, माळमारुतीच्या ताई. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवांसाठीचं वसतिगृह, धर्माचा आग्रह नाही ही बोली. आनंदीबाई कर्वे, तेव्हाच्या गोदूबाई, तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचायच्या आणि प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली दाराशी यायच्या, मग आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कुणाला बोलावलं नाही, कुणाला हाकललंही नाही.

त्या उघड्या दारावरून पुणं पेटलं. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घ्या, एवढं केलं असतं तर बरंचसं निभावलं असतं. रमाबाईंनी लावलं नाही. माझ्या घरात मी माझ्या मुलीबरोबर प्रार्थना करते, त्यात लपवण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं.

मला या सगळ्या वादात मनोरमा दिसत राहते. अकरा-बारा वर्षांची मुलगी. आईबरोबरची तिची सकाळची अर्धी घटका अख्ख्या पुण्याच्या चर्चेचा विषय झाली होती. तिला त्याचं काय वाटलं, ते कुठल्याच रकान्यात नाही.

---

मिरजेची सिस्टर

मी नर्स. नर्सिंग मिरजेलाच केलं, आता चिकोडीला असते. मोठी वाचक नाही, पण मनोरमाबाईंचं नाव आम्हांला होस्टेलवर कळलं होतं, कारण त्या वारल्या मिरजेला. २४ जुलै १९२१. डॉक्टर वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल तेव्हा सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात नावाजलेलं होतं, बेळगाव-धारवाडकडूनही माणसं बैलगाडीनं, रेल्वेनं यायची. आमच्या वॉर्डच्या एक वयस्क सिस्टर जुलैच्या पावसात खिडक्या लावताना म्हणायच्या, 'पंडिताबाईंची मनू अशाच दिवसांत गेली गं.' त्यांनाही ते त्यांच्या आधीच्या कुणीतरी सांगितलेलं.

रमाबाईंची तब्येत खालावली तेव्हा १९२० मध्ये त्यांनी मुक्तीचं काम मनोरमेकडे सोपवायचं ठरवलं होतं. म्हातारी आई मागे राहिली आणि तरुण लेक आधी गेली. त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. बायबलचं मराठी भाषांतर त्या हिब्रू-ग्रीकवरून करत होत्या, ते काम शेवटपर्यंत हातात होतं.

मी वॉर्डात खूप आया बघितल्यात. मूल गेल्यावर काही बायका कामाला हातच लावत नाहीत, काही हातातलं काम सोडतच नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला दुसरी बाई कठोर वाटते. पण त्या दुसऱ्या बाईच्या शेजारी रात्री मी बसलेय. मला ती कठोर वाटलेली नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मनोरमा म्हणजे नुसती 'मुलगी' नव्हे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात शिकायला होती तेव्हा ती ब्रेल शिकून आली आणि मुक्तीतल्या आंधळ्या मुलींना तिनं वाचायला शिकवलं. ते काम मनोरमेचं. आपल्या वीस मिनिटांत हे नक्की सांगा.

---

भीमाकाठ

गुलबर्ग्याहून लिहितोय. आमच्या गावची मुलींची शाळा रमाबाईंनी १९१२ च्या सुमाराला सुरू केली आणि चालवायला मनोरमाबाई होत्या. आईपासून दूर, निजामाच्या मुलखात, जिथं उर्दू, कन्नड, मराठी सगळंच चालायचं. त्याआधी ऑस्ट्रेलियाला जाऊन मुक्तीच्या कामासाठी बोलून आल्या होत्या. स्टुलावर उभं केलेल्या मुलीसारखं हे मला वाटत नाही. तिशी ओलांडलेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहून शाळा चालवत होती.

---

खानापूर रोड

ब्रेलचं आणि गुलबर्ग्याचं मला ठाऊक नव्हतं. वरच्या माझ्या लिहिण्यात 'आईच्याच कामात गेली' असं मी म्हटलंय, ते मागे घेतो. बाकावरचं मागे घेत नाही.

---

माळमारुतीची लेक

काल रविवार होता. उपासनेनंतर आई आमच्याकडे जेवायला होती. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलं होतं, ते तिला वाचून दाखवलं. तिचा चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून ती नुसती ऐकत होती आणि हातानं शेवग्याच्या शेंगा सोलत होती.

रायचूरच्या भाकरीपाशी हात थांबला. उघड्या दारापाशी म्हणाली, 'मीबी लावलं नसतं.' मग मनोरमेबद्दल धारवाडच्या ताईंनी लिहिलेलं शेवटचं वाक्य वाचलं, तिला काय वाटलं ते कुठल्याच रकान्यात नाही, आणि मला पुढे वाचवेना. तिथंच मी संकेश्वरचं स्टूल काढलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. विसरलेलं वाक्य, पाठीवरचा हात, सगळं सांगितलं. एसएसएलसीच्या वेळचं त्या गल्लीतल्या बाईंचं बोलणंसुद्धा. ते तिला कळलंच नव्हतं. पप्पांनी तिला सांगितलं नव्हतं, आणि पप्पा आता विचारायला नाहीत.

आई बराच वेळ काही बोलली नाही. शेंगा सोलून झाल्या तरी सालं चिवडत बसली. मग म्हणाली, 'तुला ढकलत नव्हते गं. माझाच हात थरथरायला होता. माझी पहिलीच मोठी सभा. तू जवळ होतीस म्हणून मी उभी राहू शकले.'

एकोणतीस वर्षं मी त्या हाताचा एकच अर्थ लावत आले. आता मला दोन्ही अर्थ खरे वाटतायत. मी घाबरले होते तेही खरं, आणि तिला माझा आधार होता तेही खरं. नऊ वर्षांच्या मुलीचा आधार घ्यावा लागला, हे आईला स्वतःलाही लागलंय, ते तिच्या तोंडावरून दिसत होतं. तिनं माफी मागितली नाही, मीही मागू दिली नसती. पण ताटात वाढताना आमटीतल्या शेंगा शोधून शोधून माझ्याच वाटीत घातल्या.

रात्री जायच्या आधी तिनं नातीला जवळ बोलावलं. मला वाटलं आता परत हुक्केरीचं काढणार. तिनं विचारलं, 'तुला गायचंय का सभेत? खरं सांग. नाही म्हटलीस तर आज्जी रागावणार नाही.'

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी मान वळवून भांडी घासायला गेले, म्हणजे तिनं माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देऊ नये. मागून आवाज आला, 'एकटी नाही. आई असली तर.'

तर खानापूरचे दादा, मी हो म्हटलंय, तुमचं ऐकलं नाही. स्टूल मात्र नसणार, तेवढं आईला बजावलंय. माईक खाली घ्यायला सांगितलाय मंडपवाल्याला.

मिरजेच्या सिस्टर, ब्रेलपासूनच सुरुवात करणार आहे. मास्तर, वेताची पेटी आणि रायचूर दोन्ही घेतलंय, वीस मिनिटांत बसवायला काय गाळावं ते कळत नाहीये. बहुतेक पदव्या गाळीन.

आणि आता गाणं पाठ करायचंय. तीन कडवी आहेत, मला दोनच येतात. तिसरं पोरगी शिकवतेय.